कापिशीची द्राक्षे आणि अकलूजचा मळा

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका वयोवृद्ध वाचकांचे पत्र आम्हांस आले. हे गृहस्थ शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले असून तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. त्यांची नात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी उत्तम रीतीने मिळवून घरी आली आणि तिला माळशिरस तालुक्यातील एका वाईनच्या कारखान्यात, तेथील प्रयोगशाळेत, काम मिळण्याचा योग आला. बातमी कळताच घरात दोन पक्ष पडले. चुलत्यांचे म्हणणे असे की, ज्या घरास पिढ्यान्‌पिढ्या दारूचा थेंब शिवला नाही, त्या घरच्या मुलीने दारूच्या पिंपांची निगा राखावी काय? काकूंची चिंता निराळी. उद्या स्थळ पाहावयास गेलो तर मुलगी काय करते म्हणून सांगावे? मुलगी मात्र एवढेच म्हणाली, ‘‘आजोबा, मला ते पिण्याची हौस नाही. ते कशाने साधते आणि कशाने बिघडते, हे समजून घेण्याची आहे.’’ आजोबांनी तिच्यापाशी दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली, आणि ‘‘आपले मत कळवावे’’ म्हणून आम्हांस लिहिले.

मत देणे सोपे आहे. परंतु ज्या धंद्याविषयी मत द्यावयाचे, तो धंदा आधी जाणून घेणे हे अधिक न्यायाचे. म्हणून या वेळचे आमचे पान त्याच विषयास वाहिले आहे.

द्राक्षाचे आसव ही काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. आपल्या औषधांच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असतेच, आणि ते आसव धायटीच्या फुलांच्या योगाने आंबवूनच सिद्ध होते. त्याहून जुना दाखला व्याकरणाचा आहे. कापिशी या नगरीच्या नावावरून ‘कापिशायन’ हा शब्द कसा साधावा, हे सांगण्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. आणि काशिकाकारांनी त्याची उदाहरणे दिली आहेत ती कापिशायन मधु आणि कापिशायनी द्राक्षा अशी. कौटिल्यानेही द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ हेच नाव देऊन त्याच्या प्रकारांत कापिशायनाची गणना केली आहे. ही कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्थानातील बेग्रामचा परिसर. हिंदुकुशाच्या पायथ्याचा थंड प्रदेश. अमुक गावचे मधु म्हणजे उत्तम मधु, अशी ख्याती झाल्यावाचून गावाच्या नावाचे विशेषण भाषेत रुळत नाही. पैठणीच्या बाबतीत आपण हेच पाहतो, आणि सोलापूरच्या चादरीच्या बाबतीतही. अशा विशेषणामागे कित्येक पिढ्यांची मेहनत उभी असते.

आता थंडीचा आणि उत्तम मधूचा संबंध काय? द्राक्षाचा मणी पिकू लागला म्हणजे त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. साखर वाढत जाते आणि आंबटपणा ओसरत जातो. उष्ण हवेत साखर भराभर चढते, पण रात्रीही उकाडा असल्यास आम्लही तितक्याच वेगाने नाहीसे होते. सालीतील रंग आणि बियांतील तुरटपणा पक्व होण्यापूर्वीच मणी गोडमिट्ट होऊन बसतो. अशा द्राक्षाची वाईन चढते फार, पण चवीस पोकळ लागते. थंड प्रदेशात हीच क्रिया सावकाश चालते. र्‍हाईन नदीच्या काठी किंवा शांपेन प्रांतात उन्हाळा सौम्य. ऑगस्टात मण्यांवर रंग येऊ लागतो आणि पुढे हवा दिवसेंदिवस गार होत जाते. त्यामुळे साखर, आम्ल आणि सुगंध ही तिन्ही एकमेकांस धरून पुढे सरकतात.

र्‍हाईनकाठच्या योहानिसबर्ग येथील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. तेथील मळे फुल्डा येथील धर्माधिपतींच्या मालकीचे होते आणि त्यांची लेखी परवानगी आल्यावाचून खुडणीस हात लावता येत नसे. 1775 साली ती परवानगी आणणारा स्वार कित्येक दिवस उशिरा पोहोचला. तोवर घडांवर बुरशी चढून मणी सुरकुतले होते. पीक हातचे गेले असे सर्वांस वाटले. परंतु त्या मण्यांतून निघालेला रस असा काही उतरला की, पुढे तेथे मुद्दाम उशिरा खुडण्याची पद्धतच पडली. त्या स्वाराचा पुतळा तेथील अंगणात उभा आहे. आम्हांस या कथेत स्वाराच्या उशिरापेक्षा पुढील वर्षांचे कौतुक अधिक वाटते. पहिल्या वर्षी जे दैवाने घडविले, ते पुढील वर्षी पावसाची आणि हिमाची जोखीम डोळ्यांसमोर असताना, जाणून-बुजून पत्करावयाचे होते.

सोलापूर जिल्ह्यास हे निसर्गाचे दान मिळालेले नाही. योहानिसबर्ग पन्नासाव्या अक्षांशावर, तर आपले अकलूज अठराव्याच्या आसपास. येथे वैशाखात पारा चाळिसाच्या पलीकडे जातो आणि वेलीस झोप येईल असा हिवाळा मुळीच पडत नाही. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून चार महिने निजते. आपल्याकडे तिला तशी विश्रांतीच नाही. म्हणून दख्खनच्या बागाईतदाराने वर्षातून दोन छाटण्यांची युक्ती बसविली आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची. त्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढील घडांचे बीज तयार होते. पावसाळा सरत आला म्हणजे, साधारण ऑक्टोबरात, फळछाटणी करावयाची. मग जी फूट येते ती घड घेऊन येते. अशा रीतीने पावसातील केवडा आणि भुरी या रोगांचा पुष्कळसा मारा चुकवून फळ हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाढते.

पण यातच एक मोठी अडचण दडलेली आहे. युरोपात द्राक्ष उष्म्याकडून गारव्याकडे जात पिकते. आपल्याकडे ते गारव्याकडून उष्म्याकडे जात पिकते. जानेवारीच्या रात्री थंड असतात, पण फेब्रुवारी उलटून मार्च लागला की ऊन दिवसागणिक चढते. त्यामुळे वाईनकरिता द्राक्ष खुडण्याचा योग्य क्षण येथे फार लवकर निसटतो. तिकडे चार दिवस वाट पाहिल्याने माल सुधारण्याची आशा असते. इकडे तेच चार दिवस माल बिघडवू शकतात. थंड प्रदेशात हवा जे काम आपण होऊन करते, ते सोलापुरात माणसाच्या दक्षतेने करावे लागते.

असे असता माळशिरस तालुक्यात हा उद्योग कोणी आरंभावा? नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हा मुलूख उसाचा झालेला, आणि उसाचे गणित वजनाचे. जितके टन अधिक, तितका पैका अधिक. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. त्यानंतर काही वर्षांनी, 2007 च्या सुमारास, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतील सेच्ची बंधू अशा तीन भावांच्या जोड्यांनी मिळून येथे मळे लाविले. इटालियन भाषेत ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. तेच नाव, आपल्याकडच्या उच्चाराने ‘फ्रटेली’, कारखान्यास मिळाले. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. वाईन करण्याची जबाबदारी त्यांनी इटलीच्या तोस्काना प्रांतातील पिएरो मासी या अनुभवी कारागिराकडे सोपविली. आपल्या प्रांतातील सांजोव्हेसे ही द्राक्षाची जात माळशिरसच्या मातीत रुजविण्याचे काम मासी यांच्या वाट्यास आले. सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाने सिद्ध केलेल्या त्यांच्या मुख्य वाईनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवा कारागीर! भांडवल घालणाऱ्या भावांच्या पंक्तीस कारागिराचे पान मांडले गेले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे त्यात पिंपापेक्षा बागेचा भाग मोठा आहे असे दिसून येते. वाईनकरिता द्राक्ष लाविणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो कमी पीक घेण्याचा. वेलीवर जितके घड येतील तितके ठेवल्यास प्रत्येकात रस पातळ उतरतो. म्हणून चांगले दिसणारे घडही हिरवे असतानाच कापून भुईवर टाकावे लागतात. पाणीही हात राखून, थेंबाथेंबाने द्यावे लागते. टनावर पोसलेल्या शेतकऱ्याचा हात त्या वेळी थबकत असला पाहिजे, हे कोणासही समजेल. पुढे मणी भरू लागले की रोज नमुने घेऊन साखर आणि आम्ल मोजावयाचे, आणि यंत्राने कितीही सांगितले तरी मणी दाताखाली धरून साल आणि बी चाखून पाहावयाचे. खुडणी रात्री किंवा उजाडण्यापूर्वी, फळ थंड आहे तोवर. उन्हात तापलेली द्राक्षे टोपलीतच आंबू लागली, तर वर्षाची मेहनत दोन प्रहरांत वाया जाते.

त्यानंतरचे काम प्रयोगशाळेचे. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढुरकाच असतो. रंग असतो तो सालीत. म्हणून तांबड्या वाईनसाठी रस सालीसकट आंबवितात, आणि पांढरीसाठी साल आधीच वेगळी करतात. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू उत्पन्न करतात. या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि ती आवरली नाही तर सुगंध उडून जातो. पांढऱ्या वाईनचे पोलादी पिंप म्हणूनच पंधरा अंशांच्या आसपास गार राखावे लागते. स्वच्छतेत तिळमात्र कसूर झाली की दुसरे जीव शिरतात आणि वाईनचा शिरका होतो. आमच्या पत्रलेखकांची नात जे शिकली, त्याचा कस नेमका येथे लागणार आहे. घरच्या विरजणाचे दही कधी फसले तर आपण ते कढीत घालून वेळ निभावून नेतो. हजारो लिटरांच्या पिंपास अशी पळवाट नाही.

शेवटी उरते ती वाट पाहणे. उत्तम तांबडी वाईन ओकच्या लाकडी पिंपात वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ ठेवितात, आणि तोवर त्यात गुंतलेला पैसा तसाच अडकून राहतो. पोर्तुगालातील पोर्ट वाईनचे जुने व्यापारी तर दरसालच्या मालावर वर्षाचा शिक्का मारीत नाहीत. ज्या वर्षीचा माल विशेष उतरेल त्याच वर्षाचे नाव जाहीर करतात, आणि असे योग दहा वर्षांत साधारण तीनच. बाकीच्या वर्षी मेहनत तीच, पण मानाचे नाव नाही.

आणि ही चिकाटी केवळ परदेशातून आणलेली आहे, असेही कोणी समजू नये. सोलापूरच्या उत्तरेस अवघ्या काही कोसांवर नान्नज आहे. माळढोकाच्या अभयारण्यामुळे हे नाव सर्वश्रुत असले तरी द्राक्ष बागाईतदारांस ते नानासाहेब काळे यांच्यामुळे ठाऊक आहे. त्यांनी आपल्या बागेतील वेली बारकाईने न्याहाळून, इतरांहून निराळा दिसणारा फुटवा जपून, त्यापासून ‘सोनाका’ ही लांब मण्यांची बिनबियांची जात वाढविली. काळ्या द्राक्षांतील ‘शरद सीडलेस’ही त्यांचीच. ही द्राक्षे खाण्याची, वाईनची नव्हेत. परंतु हजारो फांद्यांत एक फांदी वेगळी आहे हे ओळखावयास जी नजर लागते, ती मोटेवाडीस लागणाऱ्या नजरेहून भिन्न नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मद्यपानाचे समर्थन आम्ही करीत नाही आणि करणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे की, आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. आणि वाईन त्यास अपवाद नाही. ‘‘द्राक्षाचीच तर आहे’’ असे म्हणून जे आपल्या मनाची समजूत घालतात, ते स्वतःस फसवितात. चुलत्यांच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे, आणि मुलीने ते थट्टेवारी नेऊ नये. कारागिरी उत्तम असली म्हणजे वस्तू निरुपद्रवी होते असे नाही.

तथापि आजोबांस आमचे सांगणे असे की, नातीस जाऊ द्यावे. घराचा नियम घराच्या उंबऱ्यात अभंग राहो. बाटली घरात येऊ नये, ही अट घालण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे आणि ती मुलगी ती आनंदाने मानील असे तिच्याच शब्दांवरून दिसते. परंतु आमच्या सुशिक्षित घरांतील मुलांस आज पदव्या पुष्कळ मिळतात आणि एखादी वस्तू मुळापासून अखेरपर्यंत निर्दोष करण्याचे शिक्षण मात्र फार थोड्यांस मिळते. ते तिला पंचविशीच्या आत, तेही आपल्याच जिल्ह्यात, मिळत आहे. जी मुलगी पिंपातील सूक्ष्म जीवांस ताब्यात ठेवावयास शिकेल, ती पुढे औषधांच्या, दुधाच्या किंवा लशींच्या कारखान्यातही तितक्याच योग्यतेने उभी राहील. काही वर्षांनी तिने स्वतःच हा धंदा सोडावयाचे ठरविले, तरी शिकलेले वाया जाणार नाही.

राहता राहिली काकूंची शंका. स्थळाकडच्यांनी विचारल्यास सरळ सांगावे, मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे आणि वाईनच्या कारखान्यात माल बिघडू न देण्याचे काम करते. हे ऐकून जे उठून जातील त्यांना जाऊ द्यावे. जे बसून पुढचे विचारतील, त्यांच्याशी बोलणी चालवावी.

दसरा आता जवळ आला आहे. त्याच सुमारास मळ्यांतून फळछाटणीस आरंभ होईल. नात पहिल्या सुटीस घरी आली म्हणजे आजोबांनी तिला पगार किती आणि बढती केव्हा, हे विचारण्याआधी एवढेच विचारावे की, यंदा किती घड कापून टाकले आणि ते का टाकले. त्याचे उत्तर ती नीट देऊ शकली, तर तिला पाठविले हे योग्यच झाले असे समजावे; आणि ते उत्तर आम्हांसही कळवावे, अशी आमची विनंती आहे.