खिडकीत बांधलेलं नेट

कांद्याची आवक वाढली की कळवणला मेहुण्याच्या आडतीवर चौघं एकाच फोनच्या नेटवर हिशेब करतात. रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन गजाला सुतळीनं बांधलेला. त्यात प्रॉक्सीचं, म्हणजे बाकीच्यांचं नेट स्वतःमार्फत पुढं धाडणारं, ॲप. बाकीच्यांनी हॉटस्पॉट पकडून लॅपटॉपात १९२.१६८.४३.१ हा पत्ता आणि ८०८० पोर्ट टाकायचा. परवा मेहुण्यानं नवा फोन बांधला आणि सगळं ठप्प. "दाजी, बघा ना जरा!" अँड्रॉइड ११ पासून हॉटस्पॉटचा पत्ता ठरलेला नसतो, बदलतो, तो नव्यानं भरला. दहा मिनिटांनी पुन्हा बंद: बॅटरी वाचवायला फोननंच ॲप झोपवलं होतं. (असली काटकसर मेहुण्याला शोभते, फोनला नाही.) तीही काटकसर बंद केली. मग एक वेबसाइट म्हणे, तुम्ही माणूसच आहात हे सिद्ध करा. तिला चौघं एकच दिसतात, शिवाय फोनच्या त्याच बाहेरच्या पत्त्यामागं मोबाइल कंपनीची अनोळखी गिऱ्हाइकं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी, ते वाटूनच वापरायचे. फोन विमान मोडवर टाकून परत आणला, की बहुधा नवा पत्ता मिळतो. मिळाला. तेवढ्यात हमालानं सुतळी ओढली.