दस्तुरीहून खाली

शहाड, उल्हासनगर, अंबरनाथच्या सायकलवाल्यांत घाटाचा विषय निघाला की दोन नावं येतात. शहाडहून मुरबाडमार्गे माळशेज, नाहीतर बदलापूर, वांगणी करत नेरळ आणि तिथून माथेरान. माळशेज लांबचा, पण चढ सोसवणारा. माथेरानचा चढ दमसास बघतो. शहाडपासून नेरळपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर बहुतेक सपाटच. त्यात पाय मोकळे होतात एवढंच. नेरळ सुटलं की सात-आठ किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे ७०० मीटर वर चढतो. म्हणजे दर १०० मीटरला सरासरी नऊ-दहा मीटर, आणि काही वळणांवर आतल्या कडेने त्याहूनही उभा.

हा चढ केवढा, ते शेजारच्या रुळांवरून कळतं. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी तीच उंची गाठायला वीसेक किलोमीटर वळसे घेते. दोन फुटी रुळांवरच्या इंजिनाला वीस फुटांत एक फुटाहून जास्त चढ नको होता. आपण तो निम्म्याहून कमी अंतरात, स्वतःच्या मांड्यांच्या बळावर चढतो. याचा अभिमान वाटलाच पाहिजे, आणि मला वाटतो.

पण चढ संपतो त्या दस्तुरी नाक्यावर फोटो काढून झाले की खरी जोखीम सुरू होते, आणि तिच्याबद्दल आमच्यात फारसं बोललं जात नाही. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ७०० मीटर खाली येताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात दोन लिटर पाणी उकळेल. हळू उतरलात तर तिचा बहुतेक भाग ब्रेकवर येतो. खाली येणारे टॅक्सीवाले गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतात, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. सायकलला ती सोय नाही. रिम ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्कही तापून पकड सोडते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ भागात, पुढचा-मागचा दोन्ही दाबावा, मग सोडावा. वाटेत जुम्मापट्टीला थांबून चाकं निवू द्यावीत. पहिल्यांदा येणाऱ्याने खड्या वळणांवर उतरून चालावं. त्यात कमीपणा कसला?

अरुंद घाटात समोरासमोर आल्यावर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियमच आहे. तो सायकलवाल्यांनीही पाळावा. चढत्या टॅक्सीला मध्येच थांबावं लागलं तर तीव्र चढावर ती पुन्हा उचलणं ड्रायव्हरला जड जातं, शिवाय तिच्यामागे आणखी गाड्या असतात. वेगाच्या नशेत रस्त्याच्या मधोमध सुटलेली पोरं दिसली की माझा जीव खालीवर होतो.

पावसाळ्यात तर हा उतार नवख्यांनी टाळावाच. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, कडेला शेवाळ असतं, दगडमाती रस्त्यावर आलेली असते. दिवाळीनंतर कोरडा रस्ता मिळतो. तेव्हा निघा, आणि निघण्याआधी शहाडमध्येच ब्रेकचे पॅड तपासून घ्या. झिजले असतील तर आधी ते बदला.