‘पुरेल’ आणि ‘पुरो’

तरसालीच्या आकाशात विमानाची घरघर ऐकू आली, की वर्गातील साऱ्या माना खिडकीकडे वळतात. आपण वैमानिक व्हावे असे पुष्कळांना वाटते आणि ती आकांक्षा थोर आहे. परंतु वैमानिकाचे शौर्य आकाशात दिसत असले, तरी त्याची पहिली कसोटी विमान जमिनीवर असतानाच लागते, असे माझे मत आहे.

12 ऑक्टोबर 1997 रोजी विख्यात अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथून एका छोट्या विमानातून एकटेच उडाले. विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. त्याच्या दोन्ही टाक्यांत इंधन थोडेच होते. परंतु तासभरच उडायचे म्हणून त्यांनी अधिक इंधन घेतले नाही. एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. ती फिरविण्याच्या खटपटीत विमानावरील ताबा सुटला आणि ते समुद्रात कोसळले. कळ भलत्या जागी बसविणे हा बांधणाऱ्याचा दोष चौकशीत नोंदला गेला. तसाच इंधन न भरण्याचा दोषही नोंदला गेला.

आपल्या देशातील प्रसंग याहून सुखान्त आहे. 15 नोव्हेंबर 1993 रोजी मद्रासहून हैदराबादला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे मोठे विमान अंधुक हवेमुळे तेथे उतरू शकले नाही. वर चढताना फ्लॅप, म्हणजे उतरतेवेळी बाहेर काढावयाच्या पंखांच्या पट्ट्या, आत जाईनात. पट्ट्या बाहेर राहिल्या की वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. तशा स्थितीत विमान मद्रासकडे परतले, इंधन अपुरे पडले आणि तिरुपतीजवळ भातशेतात त्याला उतरावे लागले. विमानातील 262 जण वाचले.

शेतात विमान उतरविणाऱ्या हातांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तथापि आपण त्या एका क्षणाच्या गोष्टी सांगतो आणि तो क्षण ज्याच्यामुळे ओढवला तो हिशेब विसरतो. छोट्या विमानाचा दक्ष वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीत मोजकाठी बुडवून इंधन स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. मुक्कामापुरत्या इंधनावर आणखी राखीव साठा ठेवतो. त्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण त्याच्यावर शेत शोधण्याची पाळी क्वचितच येते.

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्या घरी वाढणारी आई विचारी, “पुरो?” आपण पानाकडे पाहावे आणि मग “पुरो” म्हणावे, म्हणजे ‘बस झाले’. ‘पुरो’ हा शब्द पान पाहून उच्चारला जातो. ‘पुरेल’ हा शब्द बहुधा न पाहताच. परीक्षेला पंधरा दिवस पुरतील, सहलीला एवढे पाणी पुरेल, महिनाअखेरपर्यंत पैसे पुरतील, असे आपण सहज म्हणून जातो. जमिनीवर चूक झाली तर थांबून शेजाऱ्याकडे मागता येते. आकाशात शेजारी नसतो.

विद्यार्थी मित्रहो, धाडस अवश्य करा. परंतु आधी मोजा. यापुढे वर्गात कोणी “पुरेल, गुरुजी” म्हणाला, तर मी त्याला एकच प्रश्न विचारीन: “पाहिलेस का?”