खंबीरपणा म्हणजे सोसणे नव्हे

परीक्षा जवळ आली, की वस्तीतल्या मुलांची पोटे दुखू लागतात. आया सांगतात, “शाळेची वेळ झाली की याचं डोकं दुखतं, रविवारी मात्र ठणठणीत!” अशा वेळी पोर नाटक करतंय म्हणून धपाटा घालू नये. आधी दवाखान्यात दाखवावे. जंत, अंगात रक्त कमी असणे, फळ्यावरचे न दिसणे, ही कारणे असू शकतात. तपासणीत काही निघाले नाही, तर शाळेत काय घडते ते शांतपणे विचारावे. मनावरचा ताण लहान मुलांच्या पोटातून आणि डोक्यातून बोलतो.

‘मुलांना खंबीर करा’ असे आजकाल सगळेच सांगतात. आम्हा परिचारिकांचे म्हणणे एवढेच, की गुपचूप सोसणे म्हणजे खंबीरपणा नव्हे. पडल्यावर पुन्हा उठता येणे म्हणजे खंबीरपणा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : नवे काही करून पाहण्याची संधी आणि चुकले तरी हात न सोडणारी माणसे.

आपल्या मुलांवर घर वर काढायचे ओझे असते. म्हणून ती चुकायला घाबरतात आणि जे येत नाही त्याला हातच लावत नाहीत. ही भीती उपदेशाने जात नाही, सरावाने जाते. पहिले इंजेक्शन देताना आमचेही हात थरथरले होते; पुढे देता देता थरथर गेली. विहारात रविवारी एका मुलाने माईकवर त्रिसरण-पंचशील सांगावे, पुढच्या रविवारी दुसऱ्याने. अडखळले तर कोणी हसायचे नाही. मुलीने ढोल वाजवून पाहावा, मुलाने घरी भाकरी थापून पाहावी. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. एवढा मोठा विद्वान पुन्हा विद्यार्थी झाला, हे मुलांना जरूर सांगा.

आता माणसांविषयी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपटही केली. घरी रामजीबाबांचे कष्ट होतेच. बुद्धी बाबासाहेबांची, पण पाठीवर हात या माणसांचे होते.

शाळेत मात्र त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले. ‘त्यांनी सोसले, तुम्हीही सोसा’ असे मुलांना कोणी सांगू नये. पुढच्या लेकरांना ते सोसावे लागू नये, म्हणून तर ते आयुष्यभर लढले. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली. त्यांच्यात जिद्द कमी होती असे कोण म्हणेल? तिथवर ते जिद्दीनेच पोचले होते. जिद्द मुलांची असते, पण त्यांना एकटे पडू न देणे हे शाळेचे आणि आपले काम आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. याच कायद्याने सरकारी आणि महापालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ताईंनो, त्या समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे? नसेल तर नाव द्या. बैठकीत विचारा : वर्ग आणि संडास झाडायला कोणाची मुले लावतात? जातीवरून कोणी बोलते का? नापास झालेल्या मुलाला कोण जवळ घेते?

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर वाट पाहू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मुलांवर अन्याय होत असेल तर १०९८ आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. यंदा भाषणे थोडी आवरती घेऊ आणि प्रत्येक मुलाला आजवर न केलेली एक गोष्ट सगळ्यांसमोर करू देऊ. त्यात नंबर काढायचे नाहीत. टाळ्या मात्र सगळ्यांसाठी वाजवायच्या.

जयभीम!