शर्यत एका दिवसाची, तयारी पिढ्यांची

पावसाळ्यात ठाण्याला मॅरेथॉन भरली, की कल्याण-डोंबिवलीची मुले पहाटेच्या गाडीने धावावयास येतात. बक्षिसे वाटली जातात आणि दुपारपर्यंत रस्ता पुन्हा वाहनांचा होतो. त्या मुलांचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठविण्याची खटपट केली. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

पुढे १९३६ साली बर्लिनला कोरियाच्या सोन की चुंग यांनी सुवर्णपदक जिंकले. चौगुल्यांप्रमाणे तेही पारतंत्र्यातील देशाचे सुपुत्र. त्यांना तर जपानच्या निशाणाखाली, जपानी वळणाच्या नावाने धावावे लागले. त्यांच्या छायाचित्रातील ते निशाण पुसून टाकणाऱ्या कोरियन दैनिकाचे प्रकाशन सरकारने काही महिने बंद पाडले.

येथवर साम्य आहे. फरक पुढे पडतो. स्वातंत्र्यानंतर सोन यांनी नवे धावपटू घडविले. त्यांचे शिष्य सुह युन बोक यांनी १९४७ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकली. १९५० साली तेथील पहिले तिन्ही क्रमांक कोरियनांचे होते. १९९२ मध्ये बार्सेलोनाला ह्वांग यंग जो यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा वृद्ध सोन प्रेक्षकांत उपस्थित होते. ह्वांग हे एका उद्योगसंस्थेच्या संघातील धावपटू होते, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे शिवनाथ सिंग यांचा १९७८ सालचा २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. हा त्यांचा गौरव खरा. परंतु मागून येणाऱ्यांसाठी आपण काय केले, याचा तो ताळेबंदही आहे.

बक्षीस हे एका दिवसाचे उत्पन्न आहे, भांडवल नव्हे. दूर पल्ल्याचा धावपटू घडावयास अनेक वर्षे लागतात आणि नेमक्या त्याच वर्षांत घर त्याच्या पगाराची वाट पाहत असते. नगरपालिकांपाशी पैसा कोठून येणार, असे कोणी विचारील. समारंभावरील खर्चाचा काही भाग वर्षभराच्या शिष्यवृत्तीकडे, एका जाणत्या प्रशिक्षकाकडे आणि पहाटे उघड्या राहणाऱ्या मैदानाकडे वळविला, तरी आरंभ होईल. तो झाला नाही, तर दरवर्षी आपण केवळ रस्ता बंद करू. धावपटू घडविणार नाही.