पशुचिकित्सेतील स्वस्ताईची किंमत

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबादकडे निघाले की पडेगाव लागते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र याच गावी आहे. शहराने पोटात घेतलेल्या अशा गावांत आज दोन जगे शेजारी नांदतात. एका दारी शेळी बांधलेली असते, तर समोरच्या इमारतीत मांजर पाळलेले असते. कोणाकडे राखणीचा कुत्रा असतो, तर कोणाचा संसार वरातीच्या घोड्यावर चालतो. ही जनावरे आजारी पडली म्हणजे मात्र सर्वांसमोर एकच प्रश्न उभा राहतो : घरगुती औषध द्यावे, दुकानातून गोळी आणावी, की डॉक्टरांना बोलवावे?

या प्रश्नाभोवती अलीकडे एक वाद उभा राहिला आहे. झाडपाल्याचे औषध निसर्गदत्त, म्हणून निर्धोक, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष परंपरागत उपचारांना सरसकट अंधश्रद्धा ठरवतो. वस्तुतः दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. उपचार जुना की नवा, हा खरा प्रश्नच नव्हे. त्याची पारख कोणी केली आणि परिणामाची जबाबदारी कोणावर, हा खरा प्रश्न आहे.

बाजाराच्या दृष्टीने पशुचिकित्सा हा एक विलक्षण व्यवहार आहे. दुखणे जनावराचे, पैसा मालकाचा आणि ज्ञान विकणाऱ्याचे. रोग्याला तक्रार करता येत नाही आणि मालकाला औषधाचा गुण पारखता येत नाही. अशा वेळी निवड होते ती किमतीवरून. परंतु छापील किंमत आणि खरी किंमत यांत केवढे अंतर पडू शकते, हे डायक्लोफेनॅकच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

हे वेदनाशामक आधुनिक शास्त्राचेच अपत्य. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुराढोरांना सर्रास टोचले जाऊ लागले. जनावरांना त्याने आराम पडत होता, याविषयी वाद नाही. मात्र औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ साली उजेडात आले. तोवर गिधाडांच्या काही जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचल्या होत्या. २००६ मध्ये पशूंसाठी या औषधावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वळवल्या जातात असे दिसल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडे गेल्याने मढी कुजत पडली, पाणी दूषित झाले, मोकाट कुत्री माजली. २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे ५ लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज ईयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. काही रुपयांच्या सुईचा हिशेब समाजाने असा चुकता केला. मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना निर्धोक पर्याय उपलब्ध होता, ही गोष्ट तर अधिकच बोचणारी आहे.

याचा अर्थ घरगुती औषध आपोआप सुरक्षित ठरते, असा मात्र नव्हे. कांदा-लसूण आपल्या रोजच्या जेवणातले. पण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने नष्ट होतात. कण्हेर कुंपणाला शोभते. तिची थोडी पाने पोटात गेली तरी घोडा दगावू शकतो. घोड्याला ओकारी करता येत नाही. म्हणून पोटशूळ उठलेल्या घोड्याच्या घशात बळेच तेल ओतणे म्हणजे ते फुप्फुसात उतरण्याचा धोका पत्करणे होय. ताप आला म्हणून मांजराला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देणे हे तर विष देण्यासारखेच आहे. एका जातीला तारक ठरलेली वस्तू दुसरीला मारक ठरते, हा नियम झाडपाल्याला आणि गोळीला सारखाच लागू आहे.

तथापि दोन्ही परंपरांचा मेळ घालता येतो, हेही सिद्ध झाले आहे. गाईच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रचारात आणला. प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा, हा त्यामागील हेतू. त्यात प्रमाण ठरलेले आहे, उपयोग कोणत्या रोगावर हे ठरलेले आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा फोडांवर लेप लावले गेले. पण महाराष्ट्राने मुख्य भिस्त ठेवली ती लसीकरणावर. लेप हा लसीचा सोबती होऊ शकतो, तिचा पर्याय नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याबाबत तर तडजोडीला जागाच नाही. जखमेवर मिरची वा चुना लावण्यात जो वेळ जातो, तो प्राणावर बेततो. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुणे आणि विनाविलंब लस घेणे, हाच मार्ग.

मग जबाबदारी कोणाची? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. किरकोळ सेवा इतरांना करता येतात, त्याही त्याच्या देखरेखीखाली. कायदा स्पष्ट आहे. परंतु डॉक्टर वेळेवर भेटला नाही तर कायदा कागदावरच राहतो. दर ५ हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच केली होती. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये मराठवाड्यासाठी पदवीधर घडवीत आली आहेत. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची सोयही झाली आहे. तरीही मालक आधी दुकानाकडे वळत असेल, तर त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. मजुरी बुडवून जनावर दूरच्या दवाखान्यात नेणे त्याला परवडत नाही, म्हणून तो जवळचे आणि स्वस्त ते पत्करतो. ज्याची एकुलती शेळी मरते, त्याची वर्षाची शिल्लकच बुडते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. दवाखान्याच्या दारावर सेवेचे दर लिहिलेले असावेत. प्रत्येक जनावराचे उपचारपत्रक असावे आणि त्यात इंजेक्शनाइतकीच काढ्याचीही नोंद व्हावी. कारण मालकाने काय पाजले हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर चांगले औषधही घात करू शकते. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे, घरगुती उपाय सांगणाऱ्या मालकाला डॉक्टरांनी हसू नये. हसल्यास तो पुढच्या खेपेस सांगणार नाही, एवढेच. देणे मात्र सोडणार नाही. विश्वासाची ही उणीव भरून निघाली, तर झाडपाला आणि इंजेक्शन यांचे भांडण आपोआप मिटेल. ती उणीव राहिली, तर तिची किंमत आधी मुके जनावर देईल आणि मागाहून आपण सारे.