चार्जरविना महामार्ग : दोष यंत्राचा की व्यवस्थेचा?

विजेवर चालणारी मोटार घेऊन मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला आज फारशी विवंचना पडत नाही. वाटेत जलद चार्जर आहेत, एक बंद असला तर दुसरा सापडतो. तीच मोटार गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे सिरोंच्याकडे वळवली, की सुमारे दोनशे किलोमीटरच्या त्या वाटेवर चालकाची नजर रस्त्यापेक्षा बॅटरीच्या आकड्यावरच अधिक खिळून राहते. या मनःस्थितीला मोटार-व्यवसायाने ‘रेंजची चिंता’ असे नाव दिले आहे. जणू हा चालकाच्या मनाचा दुबळेपणा आहे आणि थोडे धैर्य धरले, थोडे नियोजन केले, की तो दूर होईल! वस्तुतः ही चिंता मनातून उपजलेली नाही. एका विशिष्ट आर्थिक धोरणाने ती रस्त्यावर आणून ठेवली आहे.

प्रश्नाची तांत्रिक बाजू समजण्यास अवघड नाही. ४० किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर, म्हणजे सुमारे ३ किलोवॅट वेगाने, पूर्ण भरण्यास तेरा ते पंधरा तास लागतात. ५०-६० किलोवॅटच्या जलद चार्जरवर तीच बॅटरी १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पाऊण ते एक तासात भरते. त्यापुढे बॅटरीच्या संरक्षणासाठी वेग मंदावतो, म्हणून प्रवासी ८० टक्क्यांवर निघतो. तळाचे १०-१५ टक्के अडीअडचणीसाठी राखावे लागतात. अर्थात एका भरणीत ३०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लांबच्या प्रवासात प्रत्यक्षात दर २०० किलोमीटरच्या आत थांबावे लागते. पेट्रोलचा एक पंप बंद असला तर पुढचा बहुधा थोड्या अंतरावर मिळतो. एकुलता एक जलद चार्जर बंद असला, तर प्रवाशाला कोणाच्या तरी घरच्या सॉकेटवर रात्र काढावी लागते. तेव्हा चार्जर किती आहेत याइतकेच महत्त्व ते कोठे आहेत आणि त्यांतील चालू किती आहेत, याला आहे.

या बाबतीत शासनाने काय केले? एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने असा खुलासा केला की, वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून एक सेवा आहे. त्यास परवान्याची आवश्यकता नाही. खाजगी भांडवलाला दार मोकळे झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या : महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक केंद्र आणि लांब पल्ल्याच्या व अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरला जलद चार्जिंग. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या आणि २५ चे २० किलोमीटर झाले. कागदावरचे अंतर पाच किलोमीटरने घटले! पण ते केंद्र न उभारल्यास जाब कोणाला विचारावयाचा, याचे उत्तर या सूचनांत सापडत नाही. युरोपीय संघ हा काही समाजवादी संघ नव्हे. तरीही त्याने २०२३ मध्ये कायदा करून आपल्या प्रमुख महामार्गांवर दर ६० किलोमीटरला चार्जिंगची व्यवस्था करण्याचे बंधन सदस्य-राष्ट्रांवर घातले. सूचना आणि बंधन यांतील हा फरक मूलभूत आहे.

फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती आणि त्यांतील ३,०७९, म्हणजे चौथा हिस्सा, एकट्या महाराष्ट्रात होती. या अग्रक्रमाचा अभिमान मिरविणाऱ्यांना विचारले पाहिजे की, यांतील जलद किती, मंद किती? चालू किती, बंद किती? मुंबई-पुण्यात किती आणि हिंगोली-गडचिरोलीत किती? राज्याचा एक ठोक आकडा विषमता झाकण्याच्या कामी फार उपयोगी पडतो.

खाजगी गुंतवणूकदार सिरोंच्याला जाणार नाही, याचे कारण त्याच्या दुष्टपणात शोधू नये. जलद चार्जरसाठी जागा, रोहित्र, उच्चदाबाची जोडणी आणि यंत्र असा मोठा स्थिर खर्च प्रारंभीच करावा लागतो. उत्पन्न मात्र रोज किती गाड्या येतात यावर अवलंबून. जेथे गाड्या नाहीत तेथे चार्जर नाही. आणि जेथे चार्जर नाही तेथे कोणी गाडी घेणार नाही. नफ्याच्या हिशेबाने हे चक्र भेदता येत नाही, कारण चक्र भेदण्याचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ साऱ्या समाजाला व्हावयाचा.

महाराष्ट्राने हे चक्र यापूर्वी भेदले आहे. खाजगी वीज कंपन्यांनी शहरे उजळली. खेड्यातील विहिरीपर्यंत तार नेली ती प्रामुख्याने १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने. आडवळणाच्या गावी एसटी गेली ती तेथे नफा होता म्हणून नव्हे. आधी तार गेली, मग पंप आले. आधी गाडी गेली, मग प्रवासी वाढले. मागणीची वाट पाहत बसणे हे सार्वजनिक क्षेत्राचे कामच नव्हे. मागणी निर्माण होईल अशी परिस्थिती घडविणे हे त्याचे काम आहे.

आता सवलतींचा ओघ कोणाकडे जातो ते पाहावे. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनावर जीएसटी केवळ ५ टक्के आहे. मग ते वाहन रिक्षा असो की पन्नास लाखांची मोटार. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला गेला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. त्याच वर्षीच्या नव्या धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ झाला. मात्र सार्वजनिक केंद्रावर बॅटरी भरून घेण्याच्या सेवेवर जीएसटी आहे १८ टक्के! बंगलेवाला रात्री आपल्या मीटरवर गाडी लावतो; त्याला हा कर लागत नाही. चाळीत राहणाऱ्या टॅक्सीचालकाला स्वतःची वाहनतळाची जागा नाही. त्याला सार्वजनिक चार्जरवाचून गत्यंतर नाही, आणि तेथे तो विजेच्या दरावर केंद्रचालकाचा नफा देतो व त्यावर १८ टक्के करही भरतो. ही उलटी वाहणारी गंगा आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, मोटारवाल्यांच्या या दुःखाशी श्रमजीवींच्या पक्षाचा काय संबंध? हा आक्षेप उथळ आहे. ज्या तारेवर आज मोटार भरते, तिच्यावरच उद्या रुग्णवाहिका, मालवाहू टेम्पो, वडाप आणि एसटी भरावयाची आहे. आज चार्जर जेथे उभे राहतील, तेथेच उद्याचा व्यापार आणि रोजगार जाईल. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळशाची राख आणि धूर चंद्रपूरने सोसावा, वीज राज्यभर जावी, आणि शेजारच्या गडचिरोलीला ‘तुमच्याकडे मागणी नाही’ असे सांगितले जावे, हा विकासाचा असमतोल नव्हे तर काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सार्वजनिक संस्थांनी तरी काय दिवे लावले? मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. आणि अनेक पंपांवर यंत्र आधी आले, वीजजोडणी मागाहून. हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचे मूळ मालकीत नाही, जबाबदारीच्या वाटणीत आहे. यंत्र एकाचे, तार दुसऱ्याची, देखभाल तिसऱ्या कंत्राटदाराची, आणि उत्तरदायी कोणीच नाही. यावरचा उपाय खाजगीकरण नसून एकत्रित सार्वजनिक जबाबदारी हा आहे.

ती जबाबदारी घेण्यास समर्थ अशी संस्था महाराष्ट्रात आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी विजेवरची पहिली ‘शिवाई’ही त्याच मार्गावर धावली. एसटीची सुमारे २५० आगारे तालुक्यातालुक्यांत पसरलेली आहेत. जागा आहे, पहारा आहे, प्रवाशाला बसण्याची सोय आहे. विजेच्या बससाठी रोहित्र बसवावेच लागणार. बस मार्गावर असताना ती क्षमता इतर वाहनांना देता येईल. आगारांत जलद चार्जिंगची भाषा २०२५ च्या राज्य धोरणातही आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु जागा एसटीची, अनुदान जनतेचे आणि नफा कंत्राटदाराचा, असे होणार असेल तर किफायतशीर आगारे उचलली जातील आणि अहेरी मागेच राहील.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. महामार्गावरील अंतराच्या सूचनेला कायद्याचे बंधन द्यावे. महावितरण आणि एसटी यांची संयुक्त सार्वजनिक यंत्रणा उभारून सर्व राज्याचे एकच जाळे करावे, म्हणजे मुंबई-पुणे मार्गावरील शिल्लक सिरोंच्याच्या तुटीला पुरविता येईल. सार्वजनिक चार्जिंगवरील कर ५ टक्क्यांवर आणावा आणि महागड्या मोटारींवरील मागे घेतलेला कर पुन्हा लावावा. प्रत्येक केंद्र महिन्यात किती तास चालू होते, याची तालुकावार माहिती प्रसिद्ध करावी.

पक्षाच्या तालुका शाखांनी याची वाट पाहत बसू नये. आपल्या तालुक्यात जलद चार्जर किती, चालू किती, आगारातील वीजभार किती, याची पाहणी करून ती जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावी. टॅक्सी-रिक्षा संघटना व एसटी कामगारांना बरोबर घ्यावे. रस्ता जनतेच्या पैशाने बांधला गेला, वीजही जनतेच्या पैशाने उभारलेल्या केंद्रांतून येते. मग त्या दोहोंना जोडणारी तारच तेवढी नफ्याच्या हाती का सोपवावी?